मोटर फिरली की रोबोगाडी गार पडते? या क्रमाने तपासा

लक्षणं आधी सांगते, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे की नाही ते लगेच कळेल.

गाडी हातात उचलून धरली की दोन्ही चाकं झकास फिरतात. जमिनीवर ठेवली की एक हिसका आणि शांत. क्षणभराने पुन्हा हिसका, पुन्हा शांत. काही गाड्या पुढे नीट जातात, पण मागे घ्यायला सांगितलं की मान टाकतात. फोनवरून चालवत असाल तर नेमकं वळणावर ब्लूटूथ तुटतं आणि मॉड्यूलवरचा दिवा पुन्हा भराभर लुकलुकायला लागतो. अंतर मोजणारा सेन्सर लावला असेल तर त्याला समोर नसलेली भिंत दिसते. सर्वो, म्हणजे ठरावीक कोनात वळणारी छोटी मोटर, असेल तर तो थंडी भरल्यासारखा थरथरतो. आणि सगळ्यात वैताग आणणारी गोष्ट म्हणजे लॅपटॉपची केबल लावलेली असताना यातलं काहीच होत नाही.

एकच चाक फिरत नसेल, किंवा एक पुढे आणि एक मागे फिरत असेल, तर तो आजार वेगळा. मोटरच्या वायरी नीट जोडल्यात का बघा; दिशा उलटी असेल तर त्या मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, बहुधा तेवढ्यावर भागेल.

मी गिरगावात चाळीत राहते आणि एका ज्युनिअर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये काम करते. शाळांची विज्ञान प्रदर्शनं जवळ आली की रविवारी माझ्या दारात चपलांचा ढीग पडतो. येणारी गाडी जवळपास एकच असते: आर्डुइनो उनो (प्रोग्राम चालवणारा बोर्ड), लाल रंगाचा एल२९८एन ड्रायव्हर (उनोच्या सांगण्यावरून मोटरला वीज देणारा बोर्ड), दोन पिवळ्या बीओ मोटरी (गिअरच्या डब्यासकट येणाऱ्या), आणि दुहेरी टेपने चिकटवलेली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. वाक्यही एकच असतं. "मावशी, बोर्ड उडालाय." बोर्ड उडालेला नसतो. पण तोवर घरच्यांनी नवा बोर्ड आणलेला असतो आणि तोही तसाच 'उडालेला' असतो.

काय होतं ते चाळीत राहणाऱ्याला पटकन कळेल. सकाळी पाण्याच्या वेळेला तळमजल्यावर कुणी नळ सताड सोडला की तिसऱ्या मजल्यावरची धार करंगळीएवढी होते. मोटर म्हणजे तो तळमजल्यावरचा नळ. फिरत असलेली मोटर स्वतःच थोडं उलटं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे ती करंट बेताने ओढते. थांबलेल्या मोटरला हा लगाम नसतो. सुरू होण्याच्या क्षणी एकेक बीओ मोटर अँपियरच्या आसपास करंट मागू शकते. बॅटरीला तेवढा देता आला नाही की सगळ्या गाडीचं व्होल्टेज खाली येतं. उनोवरच्या एटमेगा३२८पी चिपमध्ये एक पहारेकरी बसवलेला आहे. व्होल्टेज साधारण २.७ च्या खाली गेलं की तो चिपला थांबवतो, वर आलं की पहिल्यापासून सुरू करतो. प्रोग्राम सुरू होतो, मोटर पुन्हा करंट मागते, पहारेकरी पुन्हा थांबवतो. तुम्हाला दिसतो तो हिसका हाच. लॅपटॉप लावल्यावर उनोला दुसऱ्या टाकीतून पाणी मिळतं, म्हणून तेव्हा दुखणं लपतं.

आधी खात्री करा, फुकटात

प्रोग्रामच्या सेटअप भागात, जो सुरुवातीला एकदाच चालतो, १३ नंबरच्या पिनवरचा छोटा दिवा, बोर्डावर 'एल' लिहिलंय तो, पाच वेळा सावकाश चमकवा. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागात, त्याला हात लावू नका, आणि १३ नंबरच्या पिनला दुसरं काही जोडलेलं नाही ना तेही बघा. आता केबल काढून गाडी जमिनीवर सोडा. चालता चालता तो दिवा पुन्हा पाच वेळा चमकला तर बोर्ड रीसेट होतोय, शंका नको. चमकला नाही आणि तरीही गाडी अडखळतेय, तर चूक प्रोग्राममध्ये किंवा सेन्सरमध्ये शोधा, पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

मग मोटरच्या वायरी ड्रायव्हरमधून सोडवा आणि तोच प्रोग्राम चालवा. रीसेट थांबलं? मग एकच मोटर जोडा. मग दुसरी. एकाच मोटरला त्रास होत असेल तर तिच्या धुऱ्याला गुंडाळलेला केस किंवा दोरा शोधा, चाक पत्र्याला घासतंय का बघा. मोटर बसवताना स्क्रू जास्त आवळल्यामुळे गिअरचा डबा दबलेलाही मी पाहिलाय. आतले गिअर १:४८ चे असतात, त्यामुळे चाक हाताने जडच फिरणार. जोर लावू नका, दात तुटतात. दोन्ही चाकं एकसारखी जड आहेत का एवढंच बघा.

बॅटरी: विकत घेण्याआधी मोजा

खर्च लागत नाही म्हणून हे वर घेतलंय, आणि बहुतेक वेळा चोरही इथेच सापडतो.

चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी स्मोक डिटेक्टर आणि मल्टिमीटर यांसाठी बनलेली आहे. थोडा थोडा करंट, पण खूप दिवस. तिच्यात सहा बारके सेल एकापाठी एक असतात आणि आतला रोध मोठा असतो, म्हणजे नळ मोठा पण पाइप बारीक. दोन मोटरी तिच्यावर चालवणं म्हणजे घोड्याचं काम शेळीला देणं. नवी असताना दहा मिनिटं चालते, म्हणून मुलांना वाटतं की बॅटरी ठीक आहे.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल वायर १० अँपियरच्या भोकात नाही ना ते आधी बघा. तिथे असताना बॅटरीच्या टोकांना लावलीत तर मीटरमधूनच शॉर्ट होईल. आता दोन टोकं ड्रायव्हरच्या १२ व्होल्ट आणि ग्राउंड (मायनस) या स्क्रूंवर टेकवा. गाडी थांबलेली असताना आकडा लिहा. मग चाक बोटाने हलकेच अडवून मोटर सुरू करा, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि आकडा बघा.

गेल्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा नवीकोरी बॅटरी घेऊन आला होता. थांबलेली असताना ९.२. मोटर सुरू, ५.६. त्याने मीटरवर टिचकी मारली, त्याला वाटलं मीटर बिघडला. खरं तर मीटर आळशी असतो, तो सेकंदात दोन-तीनदाच वाचतो. मधल्या मिलिसेकंदांत व्होल्टेज त्याहूनही खाली जाऊन येतं, ते त्याला दिसतच नाही. उनोला विनमधून, म्हणजे बॅटरी जोडायच्या पिनमधून, वीज देताना निदान ७ व्होल्ट लागतात. चाक अडवल्यावर मीटरवर ७ पेक्षा कमी दिसत असेल तर बॅटरी बदलल्याशिवाय बाकी सगळे उपाय वरवरचे आहेत.

काय घ्यायचं? पहिल्यांदाच रोबो करणाऱ्या मुलासाठी मी डबल ए आकाराचे सहा रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल सांगते. प्रत्येकी १.२, मिळून ७.२ व्होल्ट, करंट पुरेसा, आणि चूक झाली तरी ते लिथियमइतके भडकत नाहीत. चार साधे सेल घेतलेत तर ६ व्होल्टच होतात, त्यातले २ व्होल्ट एकटा एल२९८एन गिळतो. ती काटकसर उपयोगाची नाही. १८६५० चे दोन लिथियम सेल, मिळून ७.४ व्होल्ट, हे ताकदीला उत्तमच. पण त्यांना हाताळायची शिस्त लागते, त्याबद्दल शेवटी. आणि वेष्टनावर क्षमता '९९०० एमएएच' छापलेला १८६५० दिसला तर दुकानदाराला हसून परत द्या. या मापाच्या चांगल्या सेलमध्ये साडेतीन हजारांच्या आसपासच मावतात.

शेजारच्याकडे चांगला बॅटरी पॅक असेल तर आधी तो मागून आणा आणि लावून बघा. पाच मिनिटांचं काम, पैसे वाचतील.

वायरी, होल्डर, स्विच

बॅटरी चांगली आहे तरी ड्रायव्हरपाशी व्होल्टेज कमी पोचतंय, असं असेल तर मधे कुठेतरी गळती आहे. मुंबईत ही गळती जूनपासून वाढते. पावसाळ्यात होल्डरच्या स्प्रिंगांवर गंज चढतो, तांब्यावर हिरवट थर येतो. समुद्राजवळच्या घरात तर बारा महिने. बारीक पॉलिश पेपरने दोनदा घासा, पुसा, पुन्हा मोजा.

शोधण्याची युक्ती सांगते, ही लॅबमध्ये अकरावीच्या मुलांनाही माहीत नसते. मीटर व्होल्टवर ठेवून दोन्ही टोकं एकाच वायरच्या दोन टोकांना लावा, म्हणजे एक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं ड्रायव्हरच्या प्लसला. मोटर चालू करा. वायर चांगली असेल तर आकडा शून्याजवळ राहतो. एकदा मला तिथे ०.९ व्होल्ट मिळाले. मग एकेक तुकडा मोजत गेले: वायर ठीक, होल्डर ठीक, मधला इवलासा सरकता स्विच एकटा ०.७ खात होता. स्विच काढून वायर सरळ जोडली, गाडी पळाली. हीच मोजणी काळ्या वायरवरही करा, तिला सगळे विसरतात.

ब्रेडबोर्डमधून मोटरचा करंट नेऊ नका. रंगीबेरंगी जंपर वायरी सिग्नलसाठी ठीक आहेत, पण त्यांतल्या स्वस्त वायरींच्या आत तांबं नावापुरतंच असतं. बॅटरीपासून ड्रायव्हरपर्यंत जाड वायर हवी, आणि जमेल तेवढी आखूड. स्क्रूखाली वायरचं प्लास्टिक दाबलं गेलंय की तांबं, तेही बघा. बाहेरून घट्ट वाटतं, आत नुसतं टेकलेलं असतं.

बॅटरी, ड्रायव्हर आणि उनो या तिघांचं ग्राउंड एकत्र जोडलेलं हवं. दोन वेगळ्या बॅटऱ्या वापरल्या तरीही. नाहीतर उनो काय सांगतोय ते ड्रायव्हरला समजायला दोघांचा शून्य एकच राहत नाही.

उनोला ५ व्होल्ट नेमके कुठून येतात?

कागदावर काढा. खरंच काढा, कारण इथे तीन चुका पुन्हा पुन्हा होतात.

पहिली. एल२९८एनच्या तीन स्क्रूंतला '५ व्होल्ट'वाला स्क्रू, शेजारची छोटी टोपी म्हणजे जंपर बसवलेला असेल तर, वीज बाहेर देतो. मुलं तिथून वायर काढून उनोच्या विनमध्ये खुपसतात. विनच्या मागे रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ५ वर आणणारा भाग, आहे, तो स्वतःचं साधारण १ व्होल्ट कापून घेतो. उनोला मिळतात जेमतेम ४. अशी गाडी रिकामी असतानाच अर्धमेली असते.

दुसरी. ड्रायव्हरचे ५ व्होल्ट उनोच्या ५ व्होल्ट पिनला दिलेत, आणि बॅटरी विनलाही दिलीय. दोन रेग्युलेटर एकाच जागी भांडतात. एकच वाट ठेवा.

तिसरी. सर्वो उनोच्या ५ व्होल्ट पिनवर. छोटा एसजी९० अडकला तर अर्ध्या अँपियरच्या वर मागतो, आणि बोर्डावरचा रेग्युलेटर तापून हात टेकतो. सर्वोला ५ व्होल्टची वेगळी वाट द्या. एकाने तर चक्क मोटरच उनोच्या पिनला जोडून आणली होती. त्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपियर आहे, तिथे दिवा लावायचा असतो.

माझ्या आवडीची जोडणी सांगते. बॅटरीपासून दोन फाटे काढा. एक जाड वायरीने सरळ ड्रायव्हरला, दुसरा उनोच्या गोल जॅकमध्ये. मूळ उनोमध्ये जॅकमागे एक डायोड असतो, म्हणजे पाणी आत येतं पण उलटं जात नाही. याचा फायदा पुढे कपॅसिटर लावताना कळेल. ही जोडणी करताना ड्रायव्हरच्या ५ व्होल्ट स्क्रूवरून उनोला काहीही आणायचं नाही.

प्रोग्राममध्ये मोटरला हळू उठवा

मुलांचे प्रोग्राम मोटरला शून्यावरून थेट २५५ वर, म्हणजे पूर्ण वेगावर, नेतात. त्याऐवजी ८० पासून सुरू करून दर १० मिलिसेकंदांनी पाच-पाच वाढवा. ३५ पायऱ्या, म्हणजे सेकंदाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात पूर्ण वेग. डोळ्याला फरक कळत नाही, बॅटरीला कळतो.

दिशा उलटवताना आधी मोटर थांबवा, २०० मिलिसेकंद थांबा, मग उलटी चालवा. मोटर पुढे फिरत असतानाच मागे घेतली की तिचं स्वतःचं व्होल्टेज बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतं आणि करंट अडकलेल्या मोटरच्या जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. 'मागे घेतलं की मरते' या तक्रारीचं उत्तर हे एवढंच.

कपॅसिटर: इथून सोल्डरिंग

पाणी जातं म्हणून चाळीत पिंप भरून ठेवतात ना, कपॅसिटर तेच करतो. उनोच्या विन आणि ग्राउंडमध्ये १००० मायक्रोफॅरॅड, २५ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक लावा. जॅकमागच्या डायोडमुळे हे पिंप फक्त उनोचं, मोटरला त्यातून थेंबही घेता येत नाही. हिशेब सोपा आहे: उनो ५० मिलिअँपियर घेत असेल तर या पिंपातलं व्होल्टेज १ ने उतरायला २० मिलिसेकंद लागतात. मोटरच्या धक्क्यातली सगळ्यात खोल डुबकी त्यात निघून जाऊ शकते. पण चौकोनी बॅटरीचं दुखणं यातून निघणार नाही. पाणीच येत नसेल तर पिंप किती पुरणार?

पट्टीवाला पाय मायनस. उलटा लावलात तर फुगून फुटतो आणि तोंडाजवळ वाकून बघत असाल तर डोळ्यावर येतो. पहिल्यांदा चालू करताना मान मागे.

दुसरा कपॅसिटर वेगळ्या कामाचा. मोटरच्या दोन टोकांमध्ये, अगदी मोटरपाशी, '१०४' लिहिलेला सिरॅमिक, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरॅड. मोटरच्या आतले ब्रश ठिणग्या टाकतात, त्याचा कचरा वायरींतून सेन्सर आणि ब्लूटूथपर्यंत जातो. सेन्सरला नसलेली भिंत दिसत होती, ती बऱ्याचदा या कपॅसिटरने जाते. बीओ मोटरची टोकं पातळ पत्र्याची असतात. सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांपेक्षा जास्त धरली की मागचं प्लास्टिक वितळून टोक हलायला लागतं. माझ्या हातूनही एक गेलीय.

आता पैसे खर्च करा

एवढं करूनही रीसेट होत असेल तर उनोला आणि मोटरीला वेगळी वीज द्या. उनोसाठी पॉवर बँक यूएसबीने, मोटरीसाठी सेलचा पॅक, ग्राउंड एकत्र. काही पॉवर बँक इतका कमी करंट पाहून आपोआप बंद होतात, तशी असेल तर दुसरी घ्या. प्रदर्शन उद्यावर आलं असेल तर मी वरचे सगळे टप्पे सोडून थेट इथेच येते.

ड्रायव्हर बदला असा सल्ला सगळे देतात. एल२९८एन जुन्या पद्धतीचा आहे, १ अँपियरला साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो आणि त्याची उष्णता करतो. टीबी६६१२ हा ड्रायव्हर मॉसफेटवाला, म्हणजे नव्या प्रकारच्या स्विचांचा, फार कमी खातो. गाडी चपळ होते, सेल जास्त चालतात. पण बॅटरीचं व्होल्टेज ढासळतंय हे मूळ दुखणं नुसत्या ड्रायव्हरने जात नाही, म्हणून तो माझ्या यादीत इतका खाली आहे. बोर्ड बदलणं त्याच्याही खाली.

इथे हात आवरा

लिथियम सेल फुगलाय, दबलाय, वरचं प्लास्टिक फाटलंय, गोडसर रसायनासारखा वास येतोय, किंवा नुसता पडून असताना गरम लागतोय: गाडीतून काढायच्या भानगडीतही मुलांनी पडू नये. मोठ्या माणसाने गाडी उघड्यावर, लादीवर ठेवावी, जवळ कागद-कापड नको. असा सेल रोजच्या कचऱ्यात टाकायचा नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायचा.

लिथियम सेलवर घरी सोल्डरिंग करू नका. पॅक बनवताना त्यावर निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने लावतात, ते काम करणाऱ्याकडूनच बीएमएससकट (सेलची राखण करणाऱ्या सर्किटसकट) करून घ्या, किंवा होल्डर वापरा. टीपी४०५६ चा छोटा चार्जर एका सेलसाठी आहे, एकापाठी एक जोडलेल्या दोन सेलना तो लावायचा नाही. आणि रात्री चार्जिंगला लावून झोपायचं नाही, आमच्या चाळीतल्या लाकडी जिन्याकडे बघून हे मी जरा जास्तच कडकपणे सांगते.

बॅटरी जोडल्याबरोबर वायर तापली किंवा चिपला बोट लावता येत नाही, तर लगेच सोडवा आणि पुन्हा 'बघूया तरी' म्हणून जोडू नका. भिंतीच्या प्लगमध्ये जाणारा अडॅप्टर उघडायचा नाही, आतला कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो.

वरचं सगळं करूनही रीसेट थांबत नसेल तर मीटरला न दिसणारी डुबकी बघायला ऑसिलोस्कोप लागतो. ओळखीच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा, किंवा ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला चालत जा, तिथे रोबोचे भाग विकणाऱ्यांपैकी काही जण दुरुस्तीही करतात. जाताना गाडी सुटी करून पिशवीत भरू नका, जोडलेल्या वायरींसकट न्या, प्रोग्राम फोनमध्ये ठेवा आणि वर मोजलेले आकडे कागदावर. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.